पहिली स्लाइड कांद्याची की गालाची?

पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदाच बघायची असेल, तर सहसा दोन नमुने समोर असतात: कांद्याचा पापुद्रा आणि गालाच्या आतलं अस्तर. तयारीला दोन्ही सोपे. पण पेशीतला कोणता भाग काय काम करतो हे समजून घ्यायचं असेल, तर निवड विचारपूर्वक करावी.

कांद्याची पेशी मोठी, सहज पाव मिलिमीटर लांब. त्यामुळे 100 पट वर्धनातही चौकटी स्पष्ट दिसतात. या चौकटी म्हणजे सेल्युलोजच्या पेशीभित्तिका. आयोडीन टाकलं की केंद्रक (पेशीचं नियंत्रण करणारा गोलसर भाग) पिवळसर-तपकिरी होऊन उठून दिसतं, तेही बहुधा कडेला, कारण मधली जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने (पेशीतल्या पिशवीने) अडवलेली असते. अडचण एकच: प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण, भित्तिकेला इतकं चिकटलेलं असतं की वेगळं ओळखूच येत नाही.

त्यावर उपाय मिठाचा. जांभळ्या कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा रंगीत पापुद्रा घ्या, त्याला आयोडीन लावू नका (पेशी मरते, मग पुढचं काही घडत नाही). आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागद लावा. परासरणाने (पाणी पटलातून दाट द्रावणाकडे जातं, त्या क्रियेने) रिक्तिकेतलं पाणी बाहेर पडतं, जांभळा भाग आकसतो आणि पटल भित्तिकेपासून सुटतं. भित्तिका जागेवरच. मीठ फार वेळ ठेवलं नसेल, तर साध्या पाण्याने पेशी पुन्हा भरते. भित्तिका आधार देते आणि आतबाहेर काय जाईल ते पटल ठरवतं, हे इथे डोळ्यांदेखत घडतं.

गालाची पेशी 50-60 मायक्रोमीटरची, चपटी, कडा दुमडलेल्या. भित्तिका नाही, म्हणून आकारही नेमका नाही. मिथिलीन ब्ल्यूने केंद्रक गडद निळं होतं, आणि केंद्रक शिकायला हीच स्लाइड सरस. शिवाय पेशीवर बारीक निळे ठिपके दिसले तर ते बहुधा तोंडातले जिवाणू. त्यांना केंद्रकच नसतं, त्यामुळे दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) आणि आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेल्या) पेशींची तुलना आयतीच मिळते. गालाचं अस्तर खरवडायला वापरलेली काडी मात्र जंतुनाशकात टाकायची.

हरितलवकं, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे हिरवे भाग, दोन्हींत नाहीत. कांदा जमिनीखाली वाढतो, तिथे प्रकाश कुठला? त्यासाठी हायड्रिलाचं पान घ्यावं, रंगद्रव्याचीही गरज नाही.

तंतुकणिकांची (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागांची) आशा या दोन्ही स्लाइडवर ठेवू नका. खास रंगद्रव्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत. प्रथिनं बनवणारे रायबोझोम तर 20-30 नॅनोमीटरचे, साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे 200 नॅनोमीटर. त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

एकच स्लाइड करायची असेल, तर माझं मत जांभळ्या कांद्याला. वर्धन 400 पट मिळत असेल आणि हाताशी आणखी थोडा वेळ असेल, तर लगोलग गालाचीही करा.