डब्यावरच छापलं होतं, औषध नाही म्हणून

एकतीस वर्षं सोलापुरात दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली. चार आणे जुळेनात म्हणून रात्री आठपर्यंत बसलोय. तोच मी, यंदा गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरच्या जत्रेत, एका स्टॉलपुढं उभ्या उभ्या १५,०५० रुपये मोजून आलो. मधुमेहावरच्या हर्बल पावडरीचे चार डबे, ३,४५० ला एक, आणि 'शुद्धी'चा काढा १,२५०.

मोफत शुगर तपासणी, पांढरा कोट, '९० दिवसांत गोळी बंद'चं पत्रक. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण मी लेबल वाचलं होतं हो! चष्मा वर करून. खाली बारीक इंग्रजीत होतं, औषधी वापरासाठी नाही. विचारलंसुद्धा. पोरगा हसला, ''काका, ते सरकारी नियमानं छापावंच लागतंय. तंबाखूच्या पुडीवर नसतंय का?'' खरंच छापावं लागतं. औषध नाही म्हणूनच! तिथंच डबा खाली ठेवायचा. मी मात्र १४ आकडी अन्न परवाना क्रमांक बघून निर्धास्त झालो. तो क्रमांक शेंगाचटणीच्या पाकिटावरही असतो, हे घरी आल्यावर सौ.नं दाखवलं.

मी अडाणी नाही. अकरा वर्षं गोळ्या गिळून माणूस विटतो, एवढंच. दीड महिना गोळ्या बंद ठेवल्या. साखर ३८६. डॉक्टर आणि तपासण्यांचे २,८४० वेगळे. कुणी काहीही सांगो, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

मग सरकारी फेऱ्या. एका टेबलावर म्हणाले, लेबल बरोबर आहे, रोग बरा करतो म्हणणं औषधाच्या विभागात येतं. तिथं गेलो तर, परवाना अन्नाचा आहे, अन्नवाल्यांकडे जा. चार खेपा, रिक्षाचे ६४०. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. हे मी साहेबांना वाचून दाखवलं! साहेब म्हणाले, ''जाहिरात कुठाय?'' पोलीस ठाण्यात तर, ''पैसे तुम्हीच दिले ना?''

पावतीवर 'फूड सप्लिमेंट' एवढंच. मधुमेह डब्यावर नाही, पावतीवर नाही. होता फक्त त्याच्या तोंडात आणि त्या पत्रकात. पत्रकाचा आधी फोटो काढा, पैशाचं मग बघा. रोख देऊ नका, मी दिले.

आणि पत्रक? ते मीच शेजारच्या अप्पांना कौतुकानं दिलं. त्यांनीही दोन डबे आणले, ६,९०० चे. आता जिन्यात भेटले की मी चपला शोधत बसतो. पत्रक त्यांच्याकडून रद्दीत गेलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंत फी नाही. गड्ड्यावरचं ते हिरवं पत्रक कुणाच्या घरी उरलं असेल तर फेकू नका. मी येऊन घेऊन जाईन.