अर्ध्या टाकीनंतर बसणारी पिकअप आणि डिझेल इंजिनाचे एक गॅरेज

संगमनेरहून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात माल नेणारी आमची पिकअप २००९ सालची आहे. मेकॅनिकल पंपाचे, म्हणजे नोझलांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप यांत्रिक असलेले, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन. सेन्सर आणि संगणक यांच्याशी तिचा काही संबंध नाही. गेल्या पावसाळ्यानंतर टोमॅटोचे क्रेट भरून चंदनापुरी घाट चढताना ती मिसिंग मारू लागली. आधी दोन-तीन गचके बसत, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही इंजिनाचा आवाज खोल जाई, आणि शेवटी दुसऱ्या गिअरमध्येही गाडी ओढेनाशी होई.

ज्या गॅरेजात प्रथम गेलो तेथे दोन्ही फिल्टर बदलण्यात आले, इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवून तपासण्यात आले आणि ६,४०० रुपयांचे बिल झाले. गाडी दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा घाटात बसली. त्यानंतर पंप खोलावा लागेल आणि अंदाजे १८,००० रुपये लागतील असे सांगण्यात आले, तेव्हा मी गाडी तेथून काढून पुणे रस्त्यावरच्या एका लहान गॅरेजात नेली. हे परीक्षण या दुसऱ्या गॅरेजाचे आहे.

पत्र्याची शेड, दोन पोरे आणि पन्नाशीचे एक मिस्त्री, एवढाच तेथील संसार. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी पंधरा मिनिटे केवळ प्रश्न विचारले. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर, रिकामी की भरलेली, आणि धूर कोणता? धूर काळा नाही असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “काळा धूर असता तर डिझेल येतंय पण जळत नाही, असं म्हटलं असतं. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही.” मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आधी कोणालाच सुचला नव्हता: “भाऊ, गाडी बसते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?”

मला आठवावे लागले. संगमनेरहून टाकी भरून निघालो तर काही होत नसे. अर्ध्यावर काटा आला की घोटाळा सुरू होई. पहिल्या दुरुस्तीनंतर गाडी दोन दिवस चालली, कारण मी त्या दिवशी टाकी भरली होती, आणि श्रेय मात्र नव्या फिल्टरला मिळाले.

पुढची तपासणी पाहण्यासारखी होती. फिल्टर आणि पंप यांच्यामधली नळी काढून तेथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडण्यात आला आणि इंजिन चालू केल्यावर त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना स्पष्ट दिसले. त्यानंतर बॉनेटच्या उंचीवर पाच लिटरचा कॅन टांगून डिझेल थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या लहान पंपाला) दिले, तर बुडबुडे बंद झाले आणि इंजिन एकसारखे वाजू लागले. दोष फीड पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे हे वीस मिनिटांत ठरले, मुख्य पंपाला पाना न लावता. टाकी खाली असल्यामुळे फीड पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळे या भागात भोक पडले तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि म्हणूनच कुठेही ओल दिसत नाही.

टाकीतली सक्शन नळी, म्हणजे डिझेल ओढून घेणारी नळी, बाहेर काढली, एका टोकाला अंगठा लावून पाण्याच्या बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकातून हवा भरली, तेव्हा नळीच्या साधारण मध्यावरून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. गंजाने पडलेले सुईच्या टोकाएवढे भोक. डिझेलची पातळी त्याच्या वर असेपर्यंत काहीच अडत नव्हते. नवी नळी बसवली, टाकी धुतली, लाइनमधली हवा काढली; एकूण १,८५० रुपये.

गचके थांबले, तरी घाटात पूर्वीची ताकद येईना, म्हणून चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी एका पोराला ॲक्सिलरेटर दाबून बसवले आणि मिस्त्रींनी ॲक्सिलरेटरच्या केबलने ओढला जाणारा पंपाचा लिव्हर मला दाखवला: तो पूर्ण ओढीची मर्यादा ठरवणाऱ्या स्टॉपच्या स्क्रूला टेकत नव्हता, करंगळीच्या जाडीएवढा मागे राहत होता. केबल ताणली गेली होती. ती जुळवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. बसायला जागा नाही, फोन उचलला जाईलच असे नाही, आणि सकाळी दहाला नेलेली गाडी हाती यायला दुपारचे चार वाजतात. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर वहीचे पान मिळते. ज्यांना हिशोब ठेवावा लागतो त्यांना हे पुरणार नाही. कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या, गाड्या ते घेत नाहीत, कारण संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर त्यांच्याकडे नाही. तसे ते आधीच सांगतात. बीएस-४ किंवा बीएस-६ या प्रदूषण मानकांची नवी पिकअप असल्यास तेथे जाऊन दिवस घालवू नये.

जुनी मेकॅनिकल पंपाची गाडी असेल, तर मात्र मी तेथेच पाठवीन. जाताना टाकी भरून नेऊ नका.