रात्री ऐकायचा ऑर्गन: 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' की 'ब्लॅक टॉक!'

ऑर्गन जाझची एकच एलपी घ्यायची तर कुठली घेऊ, असं गेल्या महिन्याभरात दोघातिघांनी विचारलं. तिघंही स्ट्रीमिंगवर बऱ्यापैकी ऐकून झालेले, त्यामुळे बी-थ्री (हॅमंड कंपनीचा विजेवरचा ऑर्गन) म्हणजे काय आणि त्याला जोडलेल्या लेस्ली स्पीकरचा भोंगा कसा फिरतो हे इथे सांगत बसत नाही. शेवटी प्रत्येकाची गाडी याच दोन नावांवर येऊन अडली होती, एक जिमी स्मिथचा 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' आणि दुसरा चार्ल्स अर्लंडचा 'ब्लॅक टॉक!'. मीही चार वर्षांपूर्वी ह्याच दोघांत अडकलो होतो, शेवटी दोन्ही घेतले, त्यातला एक आज हाताशी असतो आणि दुसरा कपाटात, असं का झालं ते सांगतो. तुमचं घर वेगळं, कान वेगळे, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच घ्या.

दोन्ही अल्बम एकाच खोलीत झालेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. न्यू जर्सीत एंगलवूड क्लिफ्सला रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, उंच लाकडी छताचा, तिथे २५ एप्रिल १९६० ला स्मिथ बसला आणि १५ डिसेंबर १९६९ ला अर्लंड. म्हणजे मध्ये जवळपास दहा वर्षं. खोली तीच, रेकॉर्ड करणारा माणूस तोच, वाद्यही त्याच जातीचं, आणि तरी दोन्ही एकामागोमाग लावून बघा, जणू दोन वेगळ्या गावांची बोली.

स्मिथकडे चारच माणसं. टेनर सॅक्सवर स्टॅनली टरंटाइन, गिटारवर केनी बरेल, ड्रम्सवर डोनाल्ड बेली, आणि बेस वाजवायला वेगळा माणूस नाही, ते काम स्मिथचा डावा हात आणि पाय करतात. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीतातला ऑर्गन डोळ्यासमोर येतो, तिथे पायाचं काम हवा भरण्याचं, सूर सगळे हातात. हॅमंडला हवेची गरजच नाही, त्यामुळे पाय सूर वाजवायला मोकळे. हे जमावं म्हणून स्मिथने सुरुवातीला एका गोदामात ऑर्गन ठेवून वर्षभर रियाज केला होता, पायाच्या पट्ट्यांचा तक्ता समोर भिंतीवर लावून, म्हणजे खाली वाकून बघावं लागू नये. मला ही गोष्ट फार आवडते, कारण अल्बममध्ये ती ऐकू येते, पाय कुठेही चाचपडत नाहीत.

अर्लंड मुळात सॅक्सवाला, फिलाडेल्फियाचा, जिमी मॅकग्रिफ या ऑर्गनवाल्याच्या बँडमध्ये टेनर वाजवायचा आणि रोज शेजारी ऑर्गन ऐकून ऐकून १९६३ च्या सुमाराला स्वतःच ऑर्गनवर गेला. पुढे लू डोनाल्डसन या सॅक्सवाल्याकडे वाजवून मग हा अल्बम. इथे माणसं जास्त आहेत, ट्रम्पेटवर व्हर्जिल जोन्स, टेनरवर ह्यूस्टन पर्सन, गिटारवर मेल्विन स्पार्क्स, काँगावर बडी कॉल्डवेल, आणि ड्रम्सवर न्यू ऑर्लीन्सचा इद्रिस मुहम्मद. ह्या इद्रिसचा ठेका म्हणजे काय चीज आहे हे शब्दात सांगणं अवघड आहे, तो पुढेही ढकलतो आणि मागेही खेचतो, एकाच वेळी, आणि त्याखाली अर्लंडचा बेस न थांबता चालत राहतो.

आता खरं सांगायचं तर आधी मी 'ब्लॅक टॉक!'च्याच प्रेमात पडलो होतो. त्याला कारण शेवटचा ट्रॅक, 'मोअर टुडे दॅन यस्टरडे'. मूळ गाणं त्याच वर्षीचं रेडिओवरचं पॉप हिट, ऑर्गनवाले असली गाणी नेहमीच उचलायचे, कारण बारमध्ये बसलेल्या लोकांना ओळखीची चाल लागते. पण अर्लंड ते अकरा मिनिटं वाजवतो आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर मूळ गाणं आठवतही नाही. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते गाडीत, साताऱ्याला जाताना, खंबाटकी चढताना, आवाज चांगला मोठा होता आणि मागच्या सीटवरचा भाचा आपोआप मांडीवर ताल धरून बसला होता, त्याला जाझचा ज पण माहीत नाही. घरी आल्यावर त्याच आठवड्यात एलपी मागवली.

आणि मग तो त्रास सुरू झाला ज्याच्यामुळे मी आज हे लिहितोय.

माझी ऐकायची वेळ रात्री साडेदहानंतरची. घरात सगळे झोपलेले, बिल्डिंग जुनी, भिंती पातळ. आवाज अर्थातच कमी. आणि आवाज कमी केला की 'ब्लॅक टॉक!' अक्षरशः हातातून निसटतो. वरची पट्टी ऐकू येते, ट्रम्पेट ऐकू येतो, काँगाची टकटक ऐकू येते, पण ज्याच्यावर हे सगळं उभं आहे तो बेस गायब, म्हणजे घर आहे आणि जोतंच नाही असं काहीतरी. सुरुवातीला मला वाटलं प्रेसिंग खराब आलंय, मग वाटलं सुई गेली, सुई बदलली, स्पीकर भिंतीजवळ सरकवले, काही फरक नाही. नंतर लक्षात आलं की दोष एलपीचाही नाही आणि सुईचाही नाही, आपल्या कानाचा स्वभावच तसा आहे. आवाज कमी झाला की खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलेलं आहे, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं ते ह्याच्यासाठीच. माझ्या अ‍ॅम्पला ते बटण आहे. दाबलं. बेस आला, पण फुगून आला, शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या.

"अहो, रात्री तुमच्याकडे कसलं मशीन चालू असतं का हो? गाणं वगैरे काही नाही येत, नुसतं धप धप येतं."

मला इतकं वाईट वाटलं. काकूंना काय उत्तर देणार. भिंतीतून आणि स्लॅबमधून खालचेच सूर जास्त जातात, वरचे अडतात, म्हणजे आवाज कमी ठेवला तर मला बेस नाही आणि बेस आणला तर काकूंना फक्त बेस. अर्लंडच्या अख्ख्या संगीताचा जीव ज्या जागी आहे नेमकी तीच जागा मला रात्री परवडत नाही, हे कळायला मला दोन-अडीच महिने लागले. हेडफोन लावून बघितले, ऐकू सगळं येतं, पण हे संगीत बारमध्ये माणसांच्या गर्दीत वाढलेलं आहे, ते खोलीत पसरायला हवं, हेडफोनमध्ये मला ते कोंडल्यासारखं वाटतं. तुम्हाला हेडफोन चालत असतील तर माझा हा अख्खा मुद्दा तुमच्यासाठी बाद.

मग एका रात्री, काकू भेटल्यावर आठवड्याभराने असेल, मी 'चिकन शॅक' लावला, आवाज तेवढाच कमी, लाउडनेस बंद. आणि तो पूर्ण ऐकू आला. पूर्ण म्हणजे पूर्ण. मी खुर्चीत सरसावून बसलो.

असं का होतं यावर मी बराच विचार केला आणि मला पटलेलं कारण सांगतो. स्मिथचा स्वतःचा एक ठरलेला आवाज होता, नऊ ड्रॉबारपैकी (सुराचा रंग ठरवणाऱ्या, बाहेर ओढायच्या दांड्या) पहिले तीन पूर्ण ओढायचे, बाकीचे आत, आणि वर तिसऱ्या हार्मोनिकचं पर्कशन चालू. हे पर्कशन म्हणजे प्रत्येक सुराच्या सुरुवातीला लागणारा छोटासा टणत्कार, लगेच विरणारा. शिवाय हॅमंडची पट्टी दाबली की एक 'टिक' येते, बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता, ती घालवायचे प्रयत्नही झाले, पण ह्या लोकांनी तिचाच वापर केला. ह्या दोन्हींमुळे स्मिथचा प्रत्येक सूर कमी आवाजातसुद्धा वेगळा उमटतो, त्याच्या वेगवान जागांमध्येही सूर एकमेकांत कालवले जात नाहीत. आणि दुसरं म्हणजे इथे लय खाली साठवलेली नाहीये. बेलीची झांज आणि हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) ती लय वरच्या अंगाला घेऊन चालतात, शीर्षक ट्रॅकमध्ये तर त्याचा शफल, म्हणजे झुलता ठेका, इतका सैल आणि तरी इतका पक्का आहे की डावा हात निम्मा ऐकू आला तरी सम कुठे आहे हे चुकत नाही. बेस असतोच, पण आपण अर्धा ऐकतो आणि अर्धा मनानं भरून घेतो.

टरंटाइनबद्दल वेगळं बोलायलाच हवं. ह्या सेशननंतर दोनच महिन्यांनी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला, म्हणजे इथे तो अजून नवा गडी, आणि तरी त्याला कसलीही घाई नाही. 'व्हेन आय ग्रो टू ओल्ड टू ड्रीम' ऐका, गिटार नाही, फक्त टेनर, ऑर्गन आणि ड्रम्स, साधं जुनं गाणं आहे, आणि तो ते एखाद्या थोरल्या माणसाने जेवणानंतर ओट्यावर बसून गोष्ट सांगावी तसं सांगतो. टेनरचा तो भरदार, किंचित खरखरीत आवाज माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतला आहे, आणि बोलणं आपल्याला हळू आवाजातही कळतंच. ब्लॅक चर्चमध्ये पाइप ऑर्गन परवडायचा नाही म्हणून हॅमंड आले आणि सोल जाझचा, म्हणजे ह्या दोन्ही अल्बमच्या जातीच्या जाझचा, सोल तिथून आला असं म्हणतात, मला ते ह्या एका ट्रॅकमध्ये पटतं, कीर्तनकाराने आवाज खाली आणला की लोक पुढे सरकतात तसं काहीतरी इथे होतं.

'चिकन शॅक'मध्ये सगळंच उत्तम आहे असं नाही. 'मेसी बेसी' बारा मिनिटांवर जातो आणि मला तो शेवटी शेवटी थोडा लांबल्यासारखा वाटतो, रोज ऐकताना मी कधी कधी तिथेच उठतो. आणि गाडीत हा अल्बम साफ पडतो. ज्या झांजेचं मी एवढं कौतुक केलं ती टायरच्या आवाजात बुडते, मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिथे अर्लंडच. रोज तासभर गाडीत जाणारा माणूस असाल, किंवा स्वतंत्र घर असेल आणि संध्याकाळी चार मित्र येत असतील, तर मी काहीही म्हटलं तरी 'ब्लॅक टॉक!' घ्या, आणि बी साइडपासून सुरू करा. त्या साइडचा पहिला ट्रॅक 'अ‍ॅक्वेरियस' मला फारसा धरत नाही, मूळ चाल कानाला फार चिकटलेली आहे, पण तो संपेपर्यंत थांबा, पुढे ती अकरा मिनिटं आहेत.

तिघांपैकी एकाने मध्येच लॅरी यंगच्या 'युनिटी'चं नाव काढलं. १९६५ चं सेशन, ड्रम्सवर एल्विन जोन्स, ट्रम्पेटवर वुडी शॉ, आणि सहातल्या तीन रचनाही शॉच्याच. माझ्या मते ऑर्गनवरचा तो फार थोर अल्बम आहे, पण सोल जाझ म्हणून पहिला घेऊ नका, त्याला बसून लक्ष द्यावं लागतं, ते वर्षभराने. आणि मैफलीचा माहोल हवा असेल तर जॅक मॅकडफचा १९६३ चा 'लाइव्ह!', नेवार्कच्या क्लबमधला, कोवळा जॉर्ज बेन्सन गिटारवर, पण टाळ्या-आरोळ्यांसकट ती एलपी रात्री साडेदहाला लावायची नाही हे सांगायला नको.

'चिकन शॅक' घेतलात आणि आवडला तर पुढची खरेदी शोधत बसू नका. त्याच दिवशी त्याच चौघांनी अजून एक अल्बमभर वाजवलं होतं, ते 'मिडनाइट स्पेशल' नावाने निघालं, आणि गंमत म्हणजे ते आधी बाजारात आलं, १९६१ मध्ये, 'चिकन शॅक' मात्र १९६३ पर्यंत डब्यात पडून होता. दोन्ही मिळून एक अख्खी बैठक होते. सीडी किंवा स्ट्रीमिंगवर 'चिकन शॅक'च्या शेवटी 'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' जोडलेलं दिसेल, ते एलपीवर नव्हतं, वाजवलंय छानच, पण पहिल्या वेळी चौथ्या ट्रॅकनंतर बंद करा. 'ब्लॅक टॉक!' मी विकलेला नाही, विकणारही नाही. दिवाळीत काकू आठवडाभर लेकीकडे जातात, तेव्हा तो कपाटातून बाहेर येतो.