घरीच शाळा: वेळापत्रक लावून की मोकळेपणानं?

वेळापत्रकाचा फायदा मुख्यतः पालकांना होतो. काय झालं, काय राहिलं ते कळतं, जिवाला घोर लागत नाही. पण 5 वर्षांचं मूल अर्धा तास अक्षरं गिरवत बसलं की पेन्सिल घट्ट दाबून धरतं, रेघा वाकड्या होतात, आणि दोघांचीही चिडचिड. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन 6 वर्षांआधी औपचारिक धडे नकोतच म्हणत. फिनलंडमध्येही पहिली 7व्या वर्षी सुरू होते.

मोकळ्या पद्धतीत तेच मूल ताटं मांडताना माणसं मोजतं आणि ‘अजून दोन हवीत’ म्हणतं. झाली की वजाबाकी! गोष्ट वाचताना शब्दांखालून बोट फिरवत राहा, मध्येच ते ‘हा क!’ म्हणून ओरडतं.

म्हणून मी 7 वर्षांपर्यंत मोकळ्या पद्धतीच्याच बाजूनं आहे. जेवणाझोपेच्या वेळा तेवढ्या ठरलेल्या असाव्यात. मात्र मोकळं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. उलट इथे पालकांना जास्त लक्ष द्यावं लागतं. मुलाला नीट ऐकू येत नाही किंवा ते नीट बोलत नाही असं वाटलं, तर ‘शिकेल सावकाश’ म्हणून टाळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.