बाहेरून घेतलेली सॉफ्टवेअर-चाचणी सेवा : एका वर्षानंतरचा अभिप्राय

आमची कंपनी बिले काढणारे आणि वसुलीचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर बनवते. त्याच्या चाचणीचे काम आम्ही गेल्या वर्षी प्रथमच एका बाहेरच्या संस्थेकडे सोपवले. करार संपत आला आहे, आणि तो पुढे चालू ठेवावा की नाही याची शिफारस मला करायची आहे. अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल, असे वाटते.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण पहिल्याच महिन्यात, एकही बग नोंदवला जाण्याआधी दिसला. त्यांच्या टेस्टरनी कोडची वाट न पाहता रिक्वायरमेंटचा, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचे याच्या नोंदीचा, मसुदा मागून घेतला आणि त्यावर प्रश्न विचारले : अंशतः भरलेले बिल रद्द झाले तर आलेली रक्कम कुठे जमा दाखवायची, सवलत कराआधी धरायची की करानंतर, आणि राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचे की एकूण रकमेवर? शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नव्हते. दोन डेव्हलपर दोन वेगळ्या पद्धती गृहीत धरून काम करत होते. हीच विसंगती ग्राहकाच्या लेखापालाला सापडली असती, तरी कोडमधली दुरुस्ती तेवढीच राहिली असती; मात्र तोवर निघालेली चुकीची बिले शोधणे, ती बदलून देणे, साठलेला डेटा सुधारणे आणि त्या काळात पुढचे रिलीज अडकून पडणे, हा सगळा भार त्या दुरुस्तीवर चढला असता. दोष उशिरा सापडला की महाग पडतो, याचे कारण या साखळीत आहे.

गुणवत्तेच्या खर्चाचे चार भाग मानण्याची पद्धत जुनी आहे : दोष टाळण्याचा खर्च, तपासणीचा खर्च, रिलीजपूर्वी सापडलेल्या दोषांचा खर्च आणि ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या दोषांचा खर्च. अडचण अशी की पहिल्या दोन भागांचे इन्व्हॉइस दरमहा समोर येते, तर उरलेले दोन डेव्हलपरच्या पगारात, सपोर्टच्या तासांत आणि नूतनीकरण न करणाऱ्या ग्राहकांत विखुरलेले असतात. म्हणून करार करण्याआधी आम्ही मागील हॉटफिक्सवर, म्हणजे रिलीजनंतर तातडीने कराव्या लागलेल्या दुरुस्त्यांवर, गेलेले तास वेगळे मोजले नव्हते, ही आमची गंभीर चूक होती. तुलनेसाठी आधारच नसेल, तर सेवा स्वस्त की महाग हे कोण ठरवणार?

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेसाठी २००२ मध्ये झालेल्या अभ्यासाने चाचणीच्या अपुऱ्या साधनांमुळे त्या देशाच्या अर्थव्यवस्थेला दरवर्षी ५,९५० कोटी डॉलरचा फटका बसतो, असा अंदाज केला होता. सुधारित चाचणीने त्यातील सुमारे २,२२० कोटी वाचू शकतील, असेही त्यात म्हटले होते. आकडे आता जुने झाले आहेत, पण दुसरा आकडा पहिल्यापेक्षा इतका लहान असणे मला फार प्रामाणिक वाटते. सगळे नुकसान टाळण्याचे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे.

रिलीजनंतर प्रत्येक सर्व्हरवर नवीच आवृत्ती चढली आहे ना, हे तपासणे या सेवेत समाविष्ट आहे. आमच्या काही सहकाऱ्यांना ते अनावश्यक वाटत होते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेला नाही, तेथील जुना, वापरातून गेलेला कोड पुन्हा जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. ही घटना बैठकीत सांगितल्यावर आक्षेप मागे घेतला गेला.

त्रुटीही स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. ऑटोमेशनचे दरपत्रक केवळ स्क्रिप्ट, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्यापुरते होते. स्क्रीन बदलली की स्क्रिप्ट तुटतात आणि त्या दुरुस्त करत राहावे लागते, हा खर्च त्यात धरलाच नव्हता. परिणामी सहाव्या महिन्यापासून रिग्रेशन चाचण्या, म्हणजे नव्या बदलाने आधी चालणारे काही बिघडले नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्या, कारण नसताना नापास होऊ लागल्या. तो काळ मला सर्वांत चिंतेचा वाटला, कारण टीमने नापास चाचणीच्या लाल निशाणाकडे पाहणेच सोडले, आणि त्याच गोंधळात वसुलीच्या मॉड्यूलमधील एक खरा दोष ग्राहकांपर्यंत गेला. संस्थेचा मासिक अहवालही किती टेस्ट केस चालवल्या यावरच भर देतो. कोणता भाग तपासलाच गेला नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. रिलीजचा निर्णय घेणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

मी करार वाढवण्याची शिफारस करणार आहे, मात्र तीन बदलांसह : स्क्रिप्टच्या देखभालीचे तास आधीच ठरवावेत, अहवालाच्या सुरुवातीला न तपासलेल्या भागांची नोंद असावी, आणि ग्राहकाकडून आलेल्या प्रत्येक दोषाबाबत तो चाचणीतून का निसटला हे दोन्ही टीमनी एकत्र बसून लिहावे. पहिल्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.