युनोस रोडस्टर, पहिली जनरेशन: सेकंड हँड घेताना इंजिनाच्या आधी पत्रा बघा

जपानात राहताय, जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचीये आणि निस्सान स्कायलाइन जीटी-आर किंवा टोयोटा सुप्राचं बजेट नाहीये, तर माझं सरळ मत, पहिल्या जनरेशनची युनोस रोडस्टर बघा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

आपल्याकडे माझदा म्हटलं की अजूनही लोकांना स्वराज माझदाचा टेम्पोच आठवतो, पण हीच कंपनी हिरोशिमात १९८९ पासून ही छोटी दोन सीटची उघडी गाडी बनवतेय. तेव्हा माझदाने युनोस नावाची वेगळी डीलरशिप काढली होती म्हणून जपानात नाव युनोस रोडस्टर, बाहेर हीच एमएक्स-५ किंवा मियाता. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, १.६ लिटरचं ट्विन कॅम, १२० पीएस (साधारण तेवढेच हॉर्सपॉवर), वजन फक्त ९४० किलो. १९९३ मध्ये १.८ लिटर १३० पीएसचं इंजिन आलं आणि १९९७ पर्यंत ही जनरेशन चालली. उघडझाप करणारे हेडलाइट फक्त याच जनरेशनला, पुढच्या मॉडेलला ते गेले.

१२० पीएस ऐकून काही जण नाक मुरडतात, त्यांनी एकदा चालवून बघावी. गिअर लिव्हर मनगटाच्या हलक्या झटक्याने पडतो, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमने जोडलेले आहेत त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दिला की मधे ढिलेपणा अजिबात जाणवत नाही, घाटातल्या वळणावर गाडी काय करतेय ते सीटमधून कळतं. साठच्या स्पीडला जी मजा येते ती नव्या ताकदवान गाड्यांत शंभरच्या पुढे गेल्याशिवाय येत नाही, आणि तोवर लायसन्स धोक्यात.

आता किंमत. नवी असताना बेस मॉडेल १७ लाख येनला होतं, आज नीट जपलेली, न छेडलेली गाडी त्याहून जास्तच मागते. तरी हिच्या बरोबरीच्या काळातल्या आर३२ पिढीच्या स्कायलाइन जीटी-आर सारखी ही हाताबाहेर गेली नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत २५ वर्षं झालेली परदेशी गाडी त्यांच्या सेफ्टी नियमांतून सुटते आणि आयात करता येते. जीटी-आर तिकडे कधी विकलीच नव्हती, म्हणून २०१४ पासून जपानातल्या चांगल्या चांगल्या आर३२ उचलून नेल्या आणि भाव चढत गेले. रोडस्टर मात्र मियाता म्हणून तिकडे सुरुवातीपासून भरपूर विकली गेली, त्यामुळे जपानातून ओढून न्यायची तेवढी गरज पडली नाही, आणि आपल्यासारख्यांना इथे अजून निवड करता येते. (भारतात घेऊन जायचा विचार असेल तर सोडून द्या, वापरलेली गाडी म्हणून आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.)

शोधायला कार सेन्सर आणि गू-नेट या जुन्या गाड्यांच्या साइट आहेतच, याहू ऑक्शनवर थेट मालकाकडूनही मिळते, पण माझं सांगणं की आधी मे महिन्याच्या शेवटी नागानोमधल्या कारुइझावाला जा. तिथे दरवर्षी रोडस्टरवाल्यांचा मेळावा भरतो, हजारापेक्षा जास्त गाड्या एका जागी. एका दिवसात चांगली गाडी कशी दिसते याची नजर बसते, मालक लोक बॉनेट उघडून तासभर बोलतात, जपानी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. ओरिजिनल रंगाचा लाल आणि पुन्हा मारलेला लाल शेजारी शेजारी उभा बघितला की फोटोत फसायचं प्रमाण बरंच कमी होतं.

आता मुख्य गोष्ट. लोक गाडी बघायला जातात आणि इंजिन सुरू करून कान लावून बसतात. टॅपेटसारखा टकटक आवाज आला की घाबरतात. अहो तो व्हॉल्व्हचं अंतर आपोआप जुळवणाऱ्या हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टरचा आवाज असतो, या इंजिनांना थंड असताना येतोच, ऑइल बदललं की बरेचदा कमी होतो. हे इंजिन दणकट आहे, पार्ट मिळतात, उघडून बांधणारे मेकॅनिक मिळतात. एकच अपवाद, १९९१ च्या आसपासपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं, तिथली पुली ढिली होऊन क्रँकच खराब होऊ शकतो, म्हणून इंजिन चालू असताना पुढची पुली डगमगतेय का ते बघा. डगमगत असेल तर सरळ निघा.

खरा पैसा जातो पत्र्यात. हुडाच्या (म्हणजे घडी होणाऱ्या मऊ छताच्या) दोन्ही बाजूंना, सीटच्या मागे, पावसाचं पाणी खाली जायला नळ्या आहेत. वर्षानुवर्षं पानं, धूळ साचून त्या तुंबतात, पाणी दाराखालच्या सिलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. आतून गंज लागतो, बाहेरून पेंट चकाचक. फोड दिसायला लागले म्हणजे आतला पत्रा कधीच गेलेला असतो. म्हणून मागच्या चाकाच्या पुढे, सिलचं शेवटचं टोक खालून हाताने चाचपा, छोटं लोहचुंबक कपड्यात गुंडाळून तिथे लावून बघा, पुट्टी भरली असेल तर चिकटणार नाही. मी एके ठिकाणी गाडी बघितली होती, जाहिरातीत 'गंज नाही' असं ठळक लिहिलेलं, आणि चुंबक हातभर अंतरात कुठेच धरेना. डिकीचं कार्पेटही उचला, या गाडीची बॅटरी डिकीत असते, ओरिजिनल सीलबंद प्रकारची जाऊन साधी बसवली असेल आणि अ‍ॅसिड सांडलं असेल तर तिथलाही पत्रा खाल्लेला दिसेल.

आणि एक गैरसमज. जाहिरातीत रिपेअर हिस्ट्री नाही असं लिहिलेलं असतं ना, ते गाडीच्या मुख्य सांगाड्याला मार बसून दुरुस्ती झालीये का याबद्दल असतं. गंजाबद्दल त्यातून काही कळत नाही. गंजासाठी ऑक्शन शीट मागा, म्हणजे लिलावाच्या वेळी गाडी तपासून भरलेला कागद. शीटवर गाडीचं चित्र असतं, त्यावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे आधी डेंटिंग-पेंटिंग झालंय, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे पत्रा कुजलाय, एक्सएक्स म्हणजे पॅनल बदललेलं, आकडा वाढला की प्रकरण वाढलं. या वयाच्या गाडीवर चार-पाच ठिकाणी ए आणि यू असणारच, मला त्याचं काही वाटत नाही, उलट अंगावरच्या खुणा दिसतात ती गाडी बरी. पण सी दिसला की तो कुठे आहे ते नीट विचारा. डीलर शीट दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

किलोमीटरला मी फार भाव देत नाही. मीटरपेक्षा मेंटेनन्सची वही महत्त्वाची, ग्लव्ह बॉक्समध्ये असते, दर तपासणीला कोणी काय केलं, कुठल्या गावच्या वर्कशॉपचा शिक्का, सगळं त्यात. त्यावरून गाडी कुठे राहिली ते कळतं. नीइगाता, तोहोकू, होक्काइदोकडची असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तळ आधी बघा. वही असलेली दीड लाख किलोमीटरची गाडी मी वही नसलेल्या साठ हजारवालीच्या आधी घेईन. टायमिंग बेल्ट दर एक लाखाला बदलायचा असतो, तो कधी बदलला तेही त्यातच सापडतं.

ओरिजिनल पार्टचं म्हणाल तर इथेच गाडीची किंमत ठरते आणि इथेच फसवाफसवी पण होते. १९९० चं व्ही स्पेशल हे खास मॉडेल सगळ्यांना हवं असतं, गडद हिरवा रंग, टॅन लेदर, नार्डीचं लाकडी स्टीअरिंग, लाकडी गिअर नॉब. आता ही सगळी सामग्री सुटी पण मिळते, म्हणजे साध्या लाल गाडीला हिरवा रंग मारून टॅन सीट टाकल्या की लांबून व्ही स्पेशल तयार. म्हणून बॉनेटखालच्या प्लेटवर रंगाचा कोड वाचा, हिरव्याला एचयू, लालला एसयू. दाराच्या रबराच्या आत, डिकीच्या कडेला, कार्पेटखाली बघा, तिथे जुना रंग राहून जातो. मोजक्याच काढलेल्या खास मॉडेलांत १९९१ चं पिवळं 'जे लिमिटेड' ८०० च गाड्या, त्याच वर्षीची एम२ १००१ फक्त ३०० आणि तेव्हाच ३४ लाख येनची, अशा गाड्यांच्या बाबतीत कागद नसतील तर साध्या गाडीपेक्षा एक येनही जास्त देऊ नका.

कुठले पार्ट जुने ओरिजिनल हवेत आणि कुठले नवीन, यावर माझं मत पक्कं आहे. जे झिजून, कडक होऊन जीवावर बेतू शकतं ते नवीन, म्हणजे रबर बुश, ब्रेकचे पाइप, क्लचचा खालचा सिलेंडर (हा गळतोच), रेडिएटर, त्याची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली की तडकायची वेळ आलीच. जे डोळ्याला आणि हाताला लागतं ते जुनं, म्हणजे सीट, स्टीअरिंग, सात आऱ्यांची १४ इंची चाकं, दाराचे ते चमच्यासारखे क्रोम हँडल, युनोसचा बॅज. जुन्यासाठी अप गॅरेजच्या दुकानांत फिरा, सुट्या पार्टची मोठी चेन आहे, तिथे हातात घेऊन बघता येतं, हा याहू ऑक्शनच्या तुलनेत मोठा फायदा. कंपनीचा हार्डटॉप (काढता-घालता येणारं कडक छप्पर) मिळाला तर सोडू नका, पुढच्या जनरेशनचाही याला बसतो, त्यामुळे मागणी दोन्हीकडून आणि भाव उतरत नाहीत.

आणि आता ज्या कारणासाठी मी सुप्रा-जीटीआर सोडून हिचं नाव घेते ते. माझदाने २०१७ मध्ये या गाडीसाठी कंपनीतच रिस्टोअर करून द्यायची सर्व्हिस जाहीर केली, १.६ च्या गाड्यांपासून सुरुवात, २०१८ पासून हिरोशिमात काम. मालकाशी बोलतात, गाडी तपासतात, मगच घेतात, मोजक्याच गाड्या होतात आणि फुल कोर्स नवीन रोडस्टरपेक्षा महाग पडतो. तो खर्च मी करणार नाही. पण त्या निमित्ताने बंद झालेले पार्ट पुन्हा बनायला लागले त्याचा फायदा आपल्या सगळ्यांना. मूळ प्रकारचा व्हिनाइलचा हुड, नार्डीचं लाकडी स्टीअरिंग आणि नॉब, अ‍ॅल्युमिनियमची चाकं, आणि ब्रिजस्टोनने तर मूळ गाडीला होते ते एसएफ३२५ टायर १८५/६० आर१४ मापात जुन्याच नक्षीचे पुन्हा काढले. टायरची जुनी नक्षी परत आणणं म्हणजे किती प्रेम लागतं! निस्सानने पण २०१७ च्या शेवटी आर३२ चे पार्ट पुन्हा आणले, टोयोटाने २०२० पासून सुप्राचे, होंडा तर एनएसएक्स स्वतः रिफ्रेश करून द्यायची, पण तिथे गाडीच आपल्या आवाक्यात नाही.

एक काम मात्र गाडी घ्यायच्या आधी करा. जवळच्या माझदा डीलरकडे पार्ट काउंटरला जा, चेसिस नंबर द्या, जे जे बदलायला लागेल त्याची यादी द्या. काय मिळतं, काय बंद झालंय, कितीला, हे तिथे कळतं. त्या यादीची बेरीज गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग दुसऱ्या गाडीशी तुलना करा, दिसायला पाच लाख येनने स्वस्त असलेली गाडी बरेचदा तिथेच महाग ठरते.

अर्धा स्टार कशासाठी कापला. एक, टॅक्स. १३ वर्षं झालेल्या पेट्रोल गाडीला इथे साधारण १५ टक्के जास्त लावतात, या गाडीला वर्षाला ४५,४०० येन, वर दर दोन वर्षांनी शाकेन (गाडीची सक्तीची तपासणी) आणि त्यात वजनाचा टॅक्स १३ ला आणि पुन्हा १८ वर्षांना वाढतो. तीस वर्षं गाडी जपणाऱ्याला दंड लावल्यासारखं आहे हे, मला मनापासून चुकीचं वाटतं. दोन, आतल्या प्लॅस्टिकच्या बारीक वस्तू, क्लिपा, झाकणं, यातलं बरंच बंद झालंय आणि जुनं काढताना तुटतं. तीन, सेफ्टी. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग नाही, एबीएस नाही, बाजूला मोठा ट्रक आला की चाकाची धुरी डोळ्यासमोर येते. लहान मुलं असतील किंवा ही एकमेव गाडी असणार असेल तर घेऊ नका. उंची सहा फुटांच्या पुढे असेल तर हुड बंद करून अर्धा तास बसून बघा, डोकं टेकतं.

व्यवहार करताना शेवटी मालकाला एक विचारा, काढलेले ओरिजिनल पार्ट ठेवलेत का. सायलेन्सर, सस्पेन्शन, स्टीअरिंग बदललेल्या गाड्या भरपूर आहेत, पण जुनं सामान पोटमाळ्यावर किंवा गॅरेजात खोक्यात पडलेलं असतं आणि विचारल्याशिवाय कोणी देत नाही. ते सामान किमतीतच धरून मागा, आणि गाडी न्यायला जाल त्याच दिवशी उचला.