पाचशे मिलिग्रॅमचं गाजर

एकूण १२,८०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगायला जास्त धीर लागणार आहे.

माझं कराडला इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वय ५२, नऊ वर्षांपासून शुगर. गेल्या दीड-दोन वर्षांत अंथरुणात जी अडचण व्हायला लागली ती बायकोला कळत होती, मला कळत होती आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो. शुगरच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जातो. पायाची आग सांगतो, डोळ्यांचं सांगतो; हे सांगायची वेळ आली की बाहेर पेशंट खोळंबलेत असं वाटायचं. रात्री अकराला मोबाइलवर कोणी खोळंबलेलं नसतं.

तिथंच दिसलेल्या ‘ताकदीच्या’ औषधाच्या जाहिरातीत माझा नंबर टाकला आणि पाच मिनिटांत फोन. आधी एक बाई, अगदी आदबीनं ‘सर, सर’ करणारी. मग ‘डॉक्टरसाहेब’. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवला, याच अडचणीवरच्या डॉक्टरी गोळ्या आणि त्यांचे मिलिग्रॅम. सिल्डेनाफिल १००, टॅडालाफिल २०, व्हार्डेनाफिल २०, आणि खाली ठळक हिरव्या अक्षरांत त्यांची ‘शुद्ध आयुर्वेदिक’ कॅप्सूल, ५०० मिलिग्रॅम. “बघा सर, पाचपट पॉवर. आणि आमचं औषध सिलेक्टिव्ह आहे. फक्त तिथंच काम करतं, बाकी शरीराला धक्का नाही.”

हा सिलेक्टिव्ह शब्द ऐकून मी पाघळलो. ३,८०० रुपये त्याच रात्री पाठवले.

आता माझी लाज बघा. दुकानात रोज कुणी ना कुणी येतं, “जास्त वॅटचा बल्ब द्या” म्हणतं. मी त्याला समजावतो, बाबा, वॅट म्हणजे उजेड नव्हे, नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठच्या बल्बाएवढा उजेड देतो. पंचवीस वर्षं हे सांगणारा माणूस मिलिग्रॅमच्या आकड्याला भुलला.

प्लास्टिकची डबी आली. झाकणावर घोड्याचं चित्र, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. सकाळी एक, दुपारी चारला एक, दुधाबरोबर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास डोकं ठणकत होतं, कान गरम, नाक चोंदलेलं. सर्दी असेल म्हणून दुकानात बसलो. एका वायरमनला अर्थिंगसाठी दीडच्या हिरव्या वायरचं बंडल हवं होतं. मी काढून दिलं. त्यानं ते हातात फिरवलं आणि म्हणाला, “शेठ, ही निळी हाय.” मी ट्यूबखाली धरून बघितलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती, आणि ट्यूबच्या उजेडावर निळसर झाक होती. इलेक्ट्रिकलच्या धंद्यात फेजची निळी आणि अर्थिंगची हिरवी ओळखू न येणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे डबी ठेवली. शुगर डोळ्यांत उतरली असं समजून गेलो होतो. निळ्या-हिरव्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “यात काय आहे ते लॅबशिवाय छातीठोक सांगता येणार नाही,” ते म्हणाले, “पण आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या अशा मालात सिल्डेनाफिल कालवलेलं अनेकदा सापडलंय. आणि तुमचा डोळा तेच सांगतोय.”

मग त्यांनी समजावलं. तक्त्यातल्या तिन्ही डॉक्टरी गोळ्या शरीरातल्या पीडीई-५ नावाच्या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडून रक्तपुरवठा वाढतो. तोही इच्छा जागी झाली तरच. नुसती गोळी गिळून काही होत नाही. पण या एन्झाइमची भावकी मोठी आहे, अकरा कुटुंबं. त्यातला पीडीई-६ डोळ्याच्या पडद्यात असतो. सिल्डेनाफिलला पाच आणि सहा यांतला फरक जेमतेम दहापट कळतो, म्हणून डोस जास्त झाला की सहालाही धक्का लागतो आणि रंग गडबडतात. टॅडालाफिलला तोच फरक सातशेपटीच्या आसपास कळतो, त्यामुळे रंगांची तक्रार क्वचित. पण ते पीडीई-११ला थोडं चिकटतं. आणि फक्त तिथंच? पीडीई-५ स्वतःच अंगभर रक्तवाहिन्यांत असतो. डोकं, कान, नाक सगळं त्यातच आलं. म्हणजे ‘सिलेक्टिव्ह’ हा शब्द खरा होता, त्या माणसाच्या तोंडात खोटा होता.

तक्ता बघून डॉक्टर हसले. त्यातलं व्हार्डेनाफिल प्रयोगशाळेत सगळ्यात कमी मात्रेत काम करणारं. म्हणून त्याचा मोठ्यात मोठा डोस २० आणि सिल्डेनाफिलचा १००. तीव्र औषध म्हणजे थोडं लागणारं औषध, जास्त परिणाम देणारं नव्हे. योग्य डोसात तिघांच्या परिणामात मोठा फरक नाही; फरक वेळेचा. सिल्डेनाफिल रक्तात चारेक तासांत अर्ध्यावर येतं, तेलकट जेवणानंतर उशिरा चढतं. टॅडालाफिलला अर्ध्यावर यायला साडेसतरा तास लागतात, असर दीड दिवसापर्यंत. माझ्या वॅटचंच गणित की!

मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाला दिलीत का?

इथं माझी बोबडी वळली. माझ्या एका मित्राची अँजिओप्लास्टी झालीय, छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. त्याच्यासाठी दहा कॅप्सूल कागदात बांधून गल्ल्यात ठेवल्या होत्या, “आयुर्वेदिक आहे, तुला चालेल” म्हणून. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट. या गोळ्यांबरोबर गेलं तर बीपी धाडकन कोसळतं, माणूस जाऊही शकतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही. डबीवर लिहिलेलंच नसेल तर दवाखान्यातला डॉक्टर तरी काय ओळखणार? बाहेर पडून आधी गल्ला गाठला.

पैशांचं उरलेलं थोडक्यात. मध्ये ‘दुसऱ्या टप्प्याचं तेल’ म्हणून ६,५०० घेतले होते, तेल आलंच नाही. परत मागितले तर ‘रिफंडचा फाइल चार्ज’ २,५००. तोही भरला, एवढा शहाणा मी. पुढच्या मागणीला नाही म्हटलं तेव्हा तीच आदबशीर बाई म्हणाली, “घरच्या नंबरवर फोन करून सांगू का काय मागवलंत ते?” यांचा सगळा धंदा याच्यावर. चोरीचा मामला, हळूहळू बोंबला.

त्या रात्री बायकोला मीच सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “बारा हजारांत गॅलरीची ग्रिल झाली असती.” नंतर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि तक्त्याचे, पेमेंटचे स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. तिथं कळलं, अशा औषधाची जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. डबी अन्न व औषध प्रशासनाकडे दिली.

डॉक्टरांनी गोळी लगेच लिहून दिली नाही. शुगर असलेल्या माणसात ही अडचण कधीकधी हृदयाच्या आधी वाजणारी घंटा असते, तिथल्या रक्तवाहिन्या जास्त बारीक असतात म्हणून. आधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, मग चिठ्ठी.

ठाण्यात हवालदारानं फॉर्म भरताना विचारलं होतं, “कसलं औषध?” मागे रांगेत चारजण. मी हळू आवाजात काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “मोठ्यानं बोला काका, पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही.” मग मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या तिसऱ्या माणसानं आपला मोबाइल काढला आणि विचारलं, “नंबर हाच का?”